दंडावरचा शुगर सेन्सर: आठ महिने, अठरा नग आणि पावसाळ्यातला गम

परवा संध्याकाळी लेक शाळेतून आली, दारातच रेनकोट काढायला लागली आणि बाहीबरोबर दंडाला चिकटवलेला, फोनवर शुगरचा आकडा दाखवणारा सेन्सर निघून आला. सहावा दिवस. चौदा दिवसांचा नग, जवळपास पाच हजारांचा, रेनकोटच्या अस्तराला चिकटून लोंबत होता. तिने तो हातात घेतला आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर "आई, मी ओढला नाही गं." दहा वर्षांच्या मुलीला हे आधी सांगावंसं वाटलं, याचंच मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री हे लिहायला बसले.

लेकीला टाइप वन मधुमेह आहे, साडेतीन वर्षं झाली. आम्ही रत्नागिरीत राहतो, तिचे डॉक्टर कोल्हापूरला. दिवाळीनंतर सेन्सर सुरू केला, आता जुलै उजाडला. सेन्सर म्हणजे काय, फोनला कसा जोडायचा, पहिला तास आकडे येत नाहीत, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या दुखण्याबद्दल लिहितेय ते एकाच कंपनीचं नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर वेगवेगळे सेन्सर वापरणाऱ्या आया आहेत आणि पावसाळा लागला की सगळ्यांची रड तीच असते: गम, म्हणजे सेन्सर कातडीला धरून ठेवणारा गोंद.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच मोठं आहे.

सेन्सरच्या आधी आम्ही दिवसातून सहा-सात वेळा बोटाला सुई टोचायचो. तिच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके पडले होते. वहीत आकडे सुंदर दिसायचे: नाश्त्याआधी ११०, दुपारच्या डब्याआधी ९५. आणि तरी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, एचबीएवनसी, ८.९ यायची, म्हणजे जास्तच. मला वाटायचं, लॅब चुकतेय. सेन्सर लावल्याच्या तिसऱ्या दिवशी कळलं, लॅब बरोबर होती. सकाळी साडेसातला पोहे, सव्वाआठला २६०, आणि अकराच्या सुट्टीपर्यंत पुन्हा ९५ वर खाली. दोन टोचण्यांच्या मधला अख्खा डोंगर आम्हाला कधी दिसलाच नव्हता. मी इन्सुलिन द्यायचे ते बशी समोर ठेवताना. डॉक्टरांनी तो ग्राफ बघितला आणि म्हणाले, खाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी द्या, बाकी काही बदलू नका. आठवडाभरात तोच डोंगर १९०वर आला. पोहे तेच, इन्सुलिनही तेवढंच.

शुगर ७० ते १८०च्या मध्ये राहण्याचा वेळ पहिल्या पंधरवड्यात ४३ टक्के होता, आता ६६ आहे. निदान ७० टक्के हवा असं डॉक्टर सांगतात. एचबीएवनसी ७.४. हे आकडे लिहिताना माझे हात थांबतात, कारण साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मला वाटतंय की मी हिला नीट सांभाळतेय.

आता रात्रीच्या अलार्मबद्दल. याबाबत माझं मत दोनदा बदललं, म्हणून सविस्तर.

नोव्हेंबरात मी ग्रुपवर लिहिलं होतं की रात्रीचा अलार्म हा छळ आहे, घेऊ नका. रात्री पावणेतीनला फोन किंचाळायचा, ५८. धावत जाऊन बोटाला टोचावं तर ११२. दोन आठवड्यांत चार रात्री असं झालं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरीला झोपू दे की एक रात्र." तिसऱ्या आठवड्यात मी आवाज बंद केला. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्या रात्रींचे ग्राफ मोठे करून दाखवले. रेघ विहिरीत दगड टाकल्यासारखी सरळ खाली गेली होती आणि तशीच सरळ वर आली होती. खरी शुगर अशी उतरत नाही. लेक त्या कुशीवर झोपली होती, सेन्सर दाबला गेला, तिथला द्रव हलला आणि आकडा कोसळला. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजतो, हे मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. जागा थोडी मागे घेतली, दंडाच्या मागच्या बाजूला. खोटे अलार्म जवळपास थांबले, आणि मी आवाज पुन्हा सुरू केला.

फेब्रुवारीत शाळेच्या खो-खोची प्रॅक्टिस चालू होती. रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी अलार्म वाजला, ६१, बाण खाली. या वेळी रेघ उतारावरून येणाऱ्या गाडीसारखी हळूहळू येत होती. बोटाला टोचलं, ५४. लेक शांत झोपलेली. घाम नाही, थरथर नाही, काहीच नाही. संध्याकाळी खूप पळल्यावर शुगर कित्येक तासांनी, मध्यरात्री उतरू शकते, हे प्रत्येक डॉक्टर सांगतो. पण त्या रात्री सेन्सर नसता तर मला सकाळी सहापर्यंत काही कळलं नसतं. दोन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, तिला धड जागही नव्हती, पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. त्या दिवसापासून आवाज बंद केलेला नाही. नोव्हेंबरात लिहिलेलं मी परत घेते.

त्याच रात्रीची माझी एक चूक सांगून ठेवते, नव्या लोकांना उपयोगी पडेल. साखर दिल्यावर पंधरा मिनिटांनी सेन्सर ५७ दाखवत होता. घाबरून मी पुन्हा साखरपाणी दिलं. पहाटे २८०. सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो, आणि शुगर वेगाने बदलत असेल तेव्हा हा फरक फार जाणवतो. हायपोमध्ये, म्हणजे शुगर फार उतरलेली असताना, साखर दिल्यावर वर आली का ते बोटानेच बघायचं. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरातून हद्दपार करू नका, कोणी काहीही सांगो.

आता गम.

माझ्या वहीत प्रत्येक सेन्सरची तारीख आहे. अठरापैकी पाच मुदतीआधी सुटले. हिवाळ्यात एकच, अकराव्या दिवशी, आणि त्याला मी कारण होते: रविवारी तेल लावून न्हाऊ घातलं, खोबरेल दंडावर ओघळलं. बाकी चार मे ते जुलैमधले. तिसऱ्या दिवशी, नवव्या दिवशी, अकराव्या दिवशी, आणि परवाचा सहाव्या दिवशी. पाचांचे मिळून तीस दिवस बुडाले. पाच हजार भागिले चौदा, दिवसाला ३५७ रुपये. म्हणजे दहा हजारांच्या वर रुपये गमाने खाल्ले, आणि त्यातला एकच नग कंपनीने बदलून दिला. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर आम्ही दिवसाला दीडशे खर्च करायचो. सेन्सरला दुपटीहून जास्त देतो ते मी समजून देते. न मोजलेल्या दिवसाचे मात्र मला द्यायचे नाहीत.

मे महिन्यात कस्टमर केअरला तीन फोन केले. तिसऱ्या फोनवरच्या मुलीने विचारलं, सेन्सर पडला तेव्हा पेशंटची ॲक्टिव्हिटी काय होती? मी म्हटलं, वर्गात बसली होती. मग म्हणाली, मॅडम, त्वचा कोरडी ठेवावी लागते. मी तिला विचारलं, तुम्ही मे महिन्यात कोकणात आल्या आहात का? पंख्याखाली बसून इथे पाठीला घाम सुटतो. मूल शाळेत चालत जातं, दप्तराचा पट्टा दंडाला घासतो, वर्गात साठ मुलं असतात. कातडी कोरडी ठेवायची म्हणजे मुलीला कपाटात ठेवायचं का? ती मुलगी गप्प झाली. तिचा काही दोष नाही, तिच्यासमोर कागदावर जे लिहिलंय ते ती वाचते. पण ते लिहिणाऱ्याने आमची हवा डोळ्यांसमोर ठेवलेली नाही. सुटलेला सेन्सर परत बसवता येत नाही, आतला तंतू वाकतो. बदली नग कुरिअरने यायला पाच दिवस लागले, तेवढे दिवस बोटं टोचणं आलंच.

आम्ही काय करतो ते सांगते. लावायच्या आधी साबणाने हात धुवायचा, मॉइश्चरायझर किंवा तेल त्या दिवशी नाही. स्पिरिटचा बोळा, मग पंख्याखाली पूर्ण दहा मिनिटं सुकू द्यायचं. घाईत दोन मिनिटांत लावला की पावसाळ्यात हमखास सुटतो. सेन्सर बसल्यावर तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचा, हाताच्या उबेने गम धरतो. वरून खेळाडू लावतात ती ताणणारी कापडी पट्टी, कोपरे गोल कापून, आणि सेन्सरच्या मधलं भोक झाकायचं नाही. साध्या कागदी मायक्रोपोरचा उपयोग नाही, एका आंघोळीत सुटते. लावायची वेळ रात्री झोपताना, म्हणजे पहिले आठ-दहा तास घाम नाही. परवाचा सेन्सर सुटला त्या दिवशी घरातली पट्टी संपली होती आणि मी उद्या आणू म्हटलं होतं. ते मात्र माझं चुकलं.

काही मुलांना या गमाचीच ॲलर्जी होते. लाल चट्टे उठतात, खाज येते, फोड येतात. युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांचा शोध घेतला तेव्हा सेन्सरच्या चिकटद्रव्यातलं आयसोबॉर्निल ॲक्रिलेट नावाचं रसायन कारण म्हणून सापडलं. आमच्याकडे तो त्रास नाही. ज्यांना आहे त्यांनी पट्टीवर पट्टी न लावता डॉक्टरांना दाखवावं.

मी गमाला एवढी का धरून बसलेय, असं हिचे बाबा विचारतात. ते म्हणतात, पुढच्या काही वर्षांत घड्याळच शुगर सांगेल, सुई नाही, गम नाही. मी शोधून वाचलं. असं घड्याळ होऊन गेलंय! अमेरिकेत २००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाच्या मनगटी यंत्राला परवानगी मिळाली होती. सौम्य विजेने कातडीतून द्रव ओढून ते शुगर मोजायचं. मनगटाची आग व्हायची, आणि मनगटाला घाम आला की ते आकडा गाळायचं. पुढे काही वर्षांत ते बाजारातून गेलं. आजही सुई न टोचता शुगर दाखवणारं कुठलंही स्मार्टवॉच किंवा अंगठी मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि यंत्रं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तशी घड्याळं ऑनलाइन दोन-तीन हजारांत दिसतात. कृपा करून त्या आकड्यावर इन्सुलिन देऊ नका. जिवाशी खेळ आहे तो.

खरी आशा दुसरीकडे आहे. सेन्सरच्या आकड्यावरून पंप स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करतो, ते तंत्र आज आहे, आमच्या आवाक्यात नाही एवढंच. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी रात्रभर झोपेन. पण तोही पंप त्याच सेन्सरचं ऐकणार, आणि सेन्सर त्याच गमावर टिकणार. म्हणून मला गम छोटी गोष्ट वाटत नाही. ही यंत्रं कुठल्या अंगावर आणि कुठल्या हवेत तपासली, यावर सगळं आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं तेच झालं. मिशिगनच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं की गोऱ्या रुग्णांच्या मानाने काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. कोविडमध्ये आपण सगळे सावळे लोक तोच चिमटा बोटाला लावून बसलो होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत आपल्या देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एवढे लोक ज्या हवेत राहतात त्या हवेत टिकणारा गम मागणं म्हणजे काही चैनीची मागणी नव्हे.

विम्याचं थोडक्यात: आमच्या पॉलिसीने सेन्सर नाकारला, दवाखान्यात भरती नाही म्हणून. इंग्लंडमध्ये २०२२ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टाइप वनच्या सगळ्यांना हे सरकारी सेवेतून देऊ करायचं ठरलंय. आपल्याकडे निदान मुलांसाठी तरी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

शाळेत फोनला बंदी आहे. मुख्याध्यापिकांना भेटून ग्राफ दाखवला, तेव्हा वर्गाच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं, फोन माझ्या पर्समध्ये राहील. ब्लूटूथला तेवढं अंतर पुरतं. बाईंनी टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडाही ठेवलाय.

परवा रात्री सुटलेल्या अठराव्याच्या जागी एकोणिसावा लावला, या वेळी उजव्या दंडावर. दहा मिनिटं घड्याळ लावून सुकवला, पट्टी केमिस्टकडून आणली, दोन रोल. पहिले चोवीस तास आकडे जरा वेडेवाकडे येतात, म्हणून काल दिवसभर बोटानेही बघितलं: सेन्सर १३४, बोट १२८. विसाव्याची ऑर्डर दिलीय. कोकणात, गोव्यात, मुंबईत कोणी वापरत असेल तर जूनपासून तुमचा प्रत्येक नग कितव्या दिवशी सुटला ते खाली लिहा, वरून काय लावलं होतं तेही लिहा. पंचवीस-तीस जणांचे दिवस जमले की ते मी मराठीत आणि इंग्रजीत कंपन्यांना पाठवणार आहे.