रोज रात्री ‘बॅकअप सक्सेसफुल’ असा मेल यायचा

आयटी सपोर्टच्या नावाखाली एका माणसाने आमच्या फर्मला बराच काळ गंडवलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार दिलेली आहे आणि प्रकरण अजून मिटलेलं नाही. शिवाय नावापेक्षा त्याची पद्धत कळणं जास्त उपयोगाचं, कारण अशाच पद्धतीने धंदा करणारे आणखीही असणार.

आमचा व्यवसाय सुट्या भागांच्या घाऊक विक्रीचा. माल आणि गिऱ्हाइकं माझे भागीदार बघतात, हिशेब आणि ऑफिस माझ्याकडे. संगणकाशी आमचा संबंध तो काय, असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. पण बिलं, स्टॉक, येणी, दरपत्रकं, पगार हे सगळं एका सर्व्हरवर, आणि ऑर्डरी येतात त्या मेलवर. सर्व्हर बसला त्या दिवशी गोदामात माल होता, दारात गाडी उभी होती, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार होतं, तरी एक खोका बाहेर पडेना, कारण बिल निघत नव्हतं. कोणाकडून किती येणं आहे हे लोकांनाच विचारत बसावं लागलं. अशा वेळी लोकांना आठवणारी रक्कम आपल्या आठवणीतल्या रकमेपेक्षा कायम कमीच असते.

मोठ्यांचीही गत वेगळी नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज जगभर ठप्प केलं. सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. ज्याच्यावर अख्ख्या नेटवर्कची लॉगिनं चालतात त्या डोमेन कंट्रोलरची शाबूत प्रत सापडली ती फक्त घानामधल्या ऑफिसात, आणि तीही कशामुळे, तर तिथे वीज गेल्याने ती मशीन हल्ल्याच्या वेळी नेटवर्कपासून तुटलेली होती म्हणून. आमच्या नशिबी तेवढी वीजही गेली नाही.

तर हा माणूस ओळखीतून आला. बोलायला गोड, फोन पहिल्या रिंगला उचलणार. प्रिंटर अडला की अर्ध्या तासात त्याचा पोरगा हजर. कोणाचा कीबोर्ड गेला, कोणाचं वायफाय तुटलं, सगळं झटपट. वार्षिक देखभालीचा करार झाला आणि दर महिन्याला रिपोर्ट यायला लागला: ‘सर्व्हर हेल्थ’, ‘अँटीव्हायरस’, ‘बॅकअप’, प्रत्येकापुढे हिरवी खूण. रात्री ‘बॅकअप सक्सेसफुल’चा मेल. मी कधी खोदून विचारलं तर ठरलेलं उत्तर, “मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. सगळं मॉनिटरिंगवर आहे.”

या फसवणुकीची गोम इथेच आहे. आयटी सपोर्टचं जे काम आपल्याला दिसतं, म्हणजे प्रिंटर, वायफाय, पासवर्ड, ते तो चोख करत होता. जे दिसत नाही, ते करतच नव्हता. पैसे मात्र मुख्यतः न दिसणाऱ्या कामाचेच घेत होता. बॅकअप घेतला की नाही हे ज्या दिवशी तो लागतो त्याच दिवशी कळतं. तोपर्यंत घेणारा आणि न घेणारा दोघांचे रिपोर्ट सारखेच हिरवे.

सर्व्हर बसल्यावर त्याने आधी “पॉवर सप्लाय असेल” म्हटलं, मग “पार्ट मागवलाय”, आणि मग पहिल्या रिंगला उचलला जाणारा फोन वाजतच राहायला लागला. शेवटी आम्ही दुसऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावलं. त्याने सर्व्हरसमोर उकिडवं बसून टॉर्च मारली आणि डिस्कच्या कप्प्यापाशी नखाएवढी काळी चिकटपट्टी होती ती सोलून काढली. तिच्याखाली नारिंगी दिवा लुकलुकत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सर्व्हरमध्ये रेड (RAID) पद्धतीने दोन डिस्क जोडलेल्या होत्या. दोन्हींवर एकच माहिती, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. एक मेली की सर्व्हर नारिंगी दिवा लावतो आणि शिट्टीसारखा बीप द्यायला लागतो, यासाठी की दुसरी जायच्या आत पहिली बदलून घ्यावी. आमची एक डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच मेली होती. तारीख कंट्रोलरच्या, म्हणजे या डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या, लॉगमध्ये (नोंदींमध्ये) आहे. त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या त्या सपोर्टवाल्याच्या लॉगिनवरून बीप बंद केल्याचीही नोंद आहे. बीप बंद केला, दिव्यावर पट्टी चिकटवली आणि त्या महिन्याच्या रिपोर्टात ‘सर्व्हर हेल्थ’पुढे हिरवी खूण टाकली. डिस्क बदलायची तर करारानुसार ती त्याने द्यायची होती. सगळं त्यावरच अडलं होतं.

ही मेलेली डिस्क मुळात त्यानेच ‘नवीन’ म्हणून बसवली होती, तसं बिल आहे. डिस्क स्वतः किती तास चालली याचा हिशेब तिच्याच आत साठत असतो आणि तो बघणारी फुकट सॉफ्टवेअरं मिळतात. वर्षाचे तास 8,760. आमच्याकडे बसून दोन वर्षंही न झालेल्या त्या जोडीतल्या दुसऱ्या डिस्कवर 40,000 च्या वर तास निघाले. डिस्क नवीन घेतली असेल तर बसवल्याच्या दिवशीच हा आकडा बघायचा, तो शून्याच्या आसपासच असायला हवा. हुशार भामटे हा मीटरही मागे फिरवतात असं नव्या तंत्रज्ञाने सांगितलं. आमच्या माणसाने तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

मग बॅकअपची बाहेरची ड्राइव्ह उघडली. आत तारखेनुसार फोल्डर, एकही दिवस सुटलेला नाही. क्षणभर सगळ्यांच्या जिवात जीव आला. प्रत्येक फोल्डरमध्ये एक मोठी फाइल. तंत्रज्ञाने यादी आकारमानाप्रमाणे लावली आणि गप्प झाला. सगळ्या फाइली एकाच आकाराच्या, शेवटच्या बाइटपर्यंत. चालू धंद्याचा डेटा रोज वाढतो, त्यामुळे असं होऊच शकत नाही. सर्व्हर बसवताना घेतलेली एकच प्रत रोज नव्या नावाने चिकटवली जात होती, आणि ड्राइव्ह भरत आली की जुनी फोल्डरं आपोआप उडत होती. मेल पाठवणारी स्क्रिप्टही सापडली. तिच्यात बॅकअप घेण्याची, तपासण्याची एकही ओळ नव्हती. ठरलेल्या मिनिटाला मेल पाठवायचा, एवढंच काम. मागचे मेल काढून पाहिले तर सगळे त्याच मिनिटाला आलेले. खरा बॅकअप कधी लवकर संपतो, कधी रेंगाळतो. तुमच्याकडे असे मेल येत असतील तर त्यांच्या वेळा आणि फाइलींचे आकार एकदा ओळीने लावून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

बॅकअप प्रामाणिकपणेही फसतो, हे मान्य. गिटलॅब या नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत 31 जानेवारी 2017 ला एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांचे नेहमीचे बॅकअप निघतच नव्हते असं लक्षात आलं. बॅकअप घेणारं साधन चुकीच्या आवृत्तीचं होतं, आणि अपयशाचे इशारे देणारे मेल पलीकडच्या सर्व्हरवर नाकारले जात होते, म्हणून कोणाला पत्ताच लागला नाही. योगायोगाने सहा तास आधी घेतलेल्या एका प्रतीमुळे ते वाचले. पण त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं. आमच्याकडे दिव्यावर पट्टी होती. चूक आणि लबाडी यांत मी एवढा फरक करते.

डिस्क प्रयोगशाळेत पाठवली, त्यातून काही भाग परत मिळाला. उरलेलं छापील बिलांवरून, बँकेच्या उताऱ्यांवरून आणि गिऱ्हाइकांकडच्या प्रतींवरून पुन्हा टाइप केलं. काही येणी बुडाली ती बुडालीच.

या शोधात आणखी एक भानगड निघाली. ‘ओरिजिनल’ म्हणून ज्यांचे पैसे घेतले ते विंडोज आणि ऑफिसचे परवाने कुलूप फोडून चालवलेले निघाले. विकत घेतलेल्या परवान्याच्या जागी ‘कायमस्वरूपी सक्रिय’ असं दिसतं. आमच्या संगणकांवर 180 दिवसांच्या आतली एक मुदत दिसत होती, म्हणजे मोठ्या संस्थांसाठी असलेल्या, परवाना ठरावीक मुदतीने पुन्हा पक्का करण्याच्या पद्धतीचं सोंग. ते सोंग टिकावं म्हणून एक छोटा प्रोग्राम गुपचूप चालू ठेवलेला, आणि अँटीव्हायरसने तो पकडू नये म्हणून त्या फोल्डरला तपासणीतून वगळलेलं. म्हणजे ज्या दारावर राखण बसवल्याचे पैसे घेतले, तेच दार त्याने आतून उघडून ठेवलं होतं.

आम्ही करार मोडतो म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. मॅडमवरून तो ‘तुम्ही लोक’वर आला. “डोमेन माझ्या अकाउंटला आहे, टेक्निकली ते माझंच आहे. मागचं पेमेंट आणि हँडओव्हर चार्ज क्लिअर करा, मग बघू.” डोमेन म्हणजे आमच्या मेलच्या पत्त्यात ‘@’ नंतर येणारं नाव. तपासलं तर खरंच होतं. डोमेनचे पैसे दरवर्षी आम्ही भरले, बिलं आमच्या नावाने, पण नोंदणी त्याच्या नावावर. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत आयकॅन या नियम ठरवणाऱ्या संस्थेचा नियम असा, की नोंदणीधारकाने मागितल्यावर हस्तांतराचा कोड रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने, पाच दिवसांत द्यायचा. नियम आमच्या बाजूचा वाटतो, पण नोंदणीधारक तर तोच होता. मेल सेवेतलं सर्वाधिकार असलेलं एकमेव खातंही त्याचंच. मनात आलं असतं तर एका दुपारी तो आमचा मेल बंद करू शकला असता.

म्हणून नव्या तंत्रज्ञाने आम्हाला त्याच्याशी वाद घालण्याआधी एक काम करायला लावलं, आणि ते मी सगळ्यांना सांगेन: प्रत्येकाने आपापल्या खात्यातला सगळा मेल आधी स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यायचा. भांडण नंतर. ते झाल्यावर लेखी मागणी केली, कंट्रोलरच्या लॉगच्या आणि स्क्रिप्टच्या प्रती काढून ठेवल्या, तक्रार दिली. आणि शेवटी त्याने मागितलेले पैसे देऊन डोमेन सोडवून घेतलं. पैसे द्यायला नको होते असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचा मेल चालू असतो.

नव्या करारात आम्ही काय बदललं ते थोडक्यात. डोमेन, मेल आणि क्लाउडची खाती फर्मच्या नावावर, आणि त्यांना दिलेला संपर्काचा मेल त्याच डोमेनवरचा नाही, नाहीतर डोमेन हातचं गेल्यावर पासवर्ड बदलायचा दुवाही हातचा जातो. सर्वाधिकाराची दोन खाती, त्यातलं एक आमच्या ताब्यात. मालकाचं नाव बदललं की डोमेन पुढचे 60 दिवस बहुतेकदा दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, त्यामुळे ही कामं मुदत संपत आल्यावर काढू नयेत. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक जागेबाहेर. बॅकअपची एक ड्राइव्ह काम झाल्यावर काढून ठेवायची, कारण खंडणी मागणारा व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हलाही कुलूप घालतो. आणि करार संपला तर कोणकोणते पासवर्ड, किती दिवसांत, वेगळे पैसे न घेता द्यायचे, हे करारातच.

रिपोर्ट मात्र मी आता वाचत नाही. दर महिन्याला मी मनात येईल ती एक फाइल आणि एक जुनं बिल सांगते, आणि ते बॅकअपमधून काढून माझ्यासमोर दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायचं. पहिल्याच चाचणीत बिलिंगचा डेटाबेस उघडला नाही. नव्या माणसाचे कान लाल झाले, पण त्याने तिथेच बसून कारण शोधलं: सॉफ्टवेअर चालू असताना फाइलींची नुसती कॉपी होत होती, त्यामुळे प्रत अर्धवट निघत होती. आता रात्री आधी डेटाबेसची पूर्ण प्रत सॉफ्टवेअरकडूनच काढली जाते आणि मग ती ड्राइव्हवर जाते. ‘बॅकअप फेल’ असे मेलही येतात. गेल्या महिन्यात एक आला, ड्राइव्ह भरली होती, दुसऱ्या दिवशी मोठी लावली.