खाऱ्या पाण्यात धुतलेले सहा कुर्ते

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे विहिरीचं पाणी खारं अन् हापशीचंही खारं. नळ येईल तेव्हा प्यायचं भरून ठेवायचं, त्यात धुणं कोण करते बापा. म्हणून आमच्याइकडे कपड्याचा निकाल दुकानात नाही लागत, तिसऱ्या-चौथ्या धुण्याले लागते. साबणाले फेस येत नाही, मऊ कपडा वाळला की पापडासारखा कडक. वर्षभरात मी सहा कुर्ते घेतले, सगळे हजाराच्या आतले, सगळे याच पाण्यात धुतले (एक सोडून, तो का ते पुढे सांगते).

मी बचत गटाचं काम करते, वह्या तपासायले चार गावं स्कुटीवर फिरा लागते अन् मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की अंगाले चिकटणारा कपडा म्हणजे शिक्षाच. साडी आता मीटिंगले अन् लग्नाले.

पहिला घेतला आठवडी बाजारातून, २५० रुपयाचा, रेयॉन, निळ्यावर पांढरी फुलं. विकणारा म्हणे ताई चौदा किलोचं रेयॉन आहे. हे किलो म्हणजे त्यांची कपड्याच्या वजनाची भाषा, आपण एवढंच समजायचं की फार पातळ नाही. रेयॉनले मी नावं ठेवत नाही, लाकडाच्या लगद्यापासून बनते, अंगाले गार लागते, पडते पण छान. पण ओलं झालं की त्याच्यात जीव राहत नाही, पिळलं की धागा कमजोर होते, अन् आटते किती! माझा गुडघ्याच्या खालचा कुर्ता दोन महिन्यात गुडघ्याच्या वर. रेयॉन घ्याचंच असलं तर एक साइज मोठी घ्या, लांबी दोन इंच जास्त पाहा, अन् न पिळता सावलीत निथळत टाका.

ऑनलाइनचा विषयच काढू नका म्हणणार होती पण काढतेच. ३९९ मध्ये कुर्ता, पँट, ओढणी तिन्ही, फोटोत चंदेरी कापडासारखा, खाली रिव्ह्यूत सगळ्याजणी खुश. घरी आली ते मच्छरदाणी! आतल्या शिवणीतून एक धागा ओढला अन् काडी लावली, वितळून काळा मणी झाला, म्हणजे पॉलिस्टर. सुती धाग्याची राख होते अन् कागद जळल्यासारखा वास येते. पण रेयॉनही तसंच जळते, तर या काडीनं पॉलिस्टर तेवढं पकडता येते, रेयॉनले सुती म्हणून खपवणारा नाही सापडत. परत करायले टाकला तर तीनदा "आज माणूस येतो" असा मेसेज आला, माणूस एकदाही आला नाही, मुदत संपली. ओढणी कामात आली, उन्हात तोंडाले बांधते.

साइजवर भरोसा नका ठेवू. एल म्हणजे चाळीस असं म्हणतात पण हरेकाचं चाळीस वेगळं. तुम्हाले चांगला बसणारा जुना कुर्ता जमिनीवर पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेप लावा, दुप्पट करा, तो आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मी दुकानातही टेप घेऊन जाते, हसतात हसू द्या.

आता खरी खरेदी. पोळा झाला अन् महालक्ष्म्या (गौरी) यायच्या होत्या, तेव्हा गटातल्या आम्ही चौघी अमरावतीले गेलो, एसटीत बायकांले २०२३ पासून अर्धं तिकीट आहे तर जाणं परवडते. नांदगाव पेठले नागपूर रोडवर बिझीलँड, सिटीलँड हे ठोक कपड्याचे बाजार, दुकानं इतकी की पाय दुखतात पण डोळे नाही भरत. तिथं बऱ्याच ठिकाणी सुटा पीस देत नाहीत, सेट घ्या लागते, एका डिझाइनचे एम पासून डबल एक्सएल चार पीस. आम्हीही चौघीच, पण दोघी एक्सएलवाल्या अन् एल घालणारी कोणीच नाही! शेवटी एकीनं एल बहिणीसाठी घेतला अन् गावात येऊन भांडली. पण जाडसर कॉटन, ३२० ले एक, अन् तसाच मी तालुक्याच्या दुकानात ५५० ले घेतला होता. खाऱ्या पाण्यात दोन्ही सारखेच टिकले, रंग थोडा राखट झाला, शिवण कुठंच उसवली नाही. तोटा एकच, तिघी एका दिवशी घालून मीटिंगले गेलो तर शाळेतले पोट्टे म्हणे बँडवाल्या आल्या.

तालुक्याचा दुकानदार लुटते असं मात्र मी म्हणणार नाही. तो एकच पीस देते, बसला नाही तर बदलून देते, अन् पैशासाठी कापूस विकेपर्यंत थांबते.

कापसावरून आठवलं. कुर्त्यात पाव किलो रुई (सरकी काढलेला कापूस) धरली तर कापूस पाऊण किलोच्या आसपास लागते, अन् लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. म्हणजे ५५० च्या कुर्त्यात आपला कापूस साठेक रुपयाचा. पऱ्हाटी आमच्या वावरात अन् अंगावर पॉलिस्टर, काय म्हणा.

सणाचा कुर्ता नांदगाव पेठच्या त्या बाजारातच सुटा मिळाला, ७८० चा, कॉटन सिल्क, राणी रंग, गळ्याले गोटापट्टी. सणाच्या कपड्यात फसगत जास्त, म्हणून हे पाहाच: गोटापट्टी नखानं थोडी उचलून पाहा, शिवलेली आहे की चिकटवलेली. सोनेरी छाप असलेला फॉइल प्रिंट घेऊच नका, चारदा धुतला की नुसते डाग राहतात. अन् अस्तर! वरचा कपडा कितीही चांगला असू द्या, आत पॉलिस्टरचं अस्तर असलं तर महालक्ष्मीच्या सोळा भाज्या करता करता माणूस उकडून निघते. इस्त्री उलट्या बाजूनं. हाच तो एक कुर्ता जो मी नळाच्या पाण्यात धुते, सासूबाई रागावतात, प्यायचं पाणी कपड्याले घालते म्हणून.

अजून एक, हजाराच्या वरच्या कपड्यावर आधी बारा टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंत पाचच टक्के आहे. कोणी जुना हिशोब सांगितला तर बिल मागा.

सहावा शिवून घेतला. १२० रुपये मीटरनं अडीच मीटर छापील सुती कपडा, २०० शिलाई, झाले ५००. कपडा रात्रभर पाण्यात टाकला, वाळवला, मग टेलरताईले देला, आटायचा तो आधीच आटला. मुंढा मोकळा, बाजूनं इंचभर मार्जिन, अन् खिसा! मोबाइल, पेन अन् हप्त्याची चिल्लर मावेल असा खिसा. तयार कुर्त्यात खिसा म्हटलं की दुकानदार अशा नजरेनं पाहते जसं काही आपण त्याचं गल्ल्याचं कुलूप मागितलं. पाच महिने झाले, आठवड्यातून दोनदा घालते, अजून नीट आहे. दुसरा कपडा आणून ठेवला आहे, पण टेलरताई म्हणे आता भुलाबाईचे फ्रॉक अन् दिवाळीचे ब्लाऊज, तुझा नंबर दिवाळीनंतर.