गोल्फच्या ड्रायव्हर फिटिंगमध्ये गेले ८९,२०० रुपये: कॅरी नंतर बघा, बॉल स्पीड आधी

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचं आहे त्यांचं हसून होईल. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमध्ये सगळ्यात लांब फटका मारायचा क्लब, म्हणजे काठी; त्याचं नुसतं हेड, खालचं डोकं, ४२,०००. शाफ्ट, म्हणजे दांडा, ३३,५००. शाफ्ट हेडला जोडणारा अडॅप्टर २,८००. ग्रिप, म्हणजे मुठीचं रबर, १,४००. शाफ्ट ठरावीक दिशेला वळवून बसवायचा ‘स्पाइन अलाइनमेंट’ नावाचा प्रकार ३,५००. जोडणी १,५००. फिटिंगची, म्हणजे आपल्या फटक्याला बेतून क्लब ठरवण्याची, फी ४,५००, जी ‘क्लब घेतलात तर बिलातून वळती करू’ असं तोंडी ठरलं होतं आणि अर्थातच वळती झाली नाही. एकूण ८९,२०० रुपये. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मोल मोजून दुसऱ्याच्या ड्रायव्हरमधून उपटलेला शाफ्ट कोण घेईल?

जागा पुण्यातली, इनडोअर सिम्युलेटरवाली. नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय.

खेळणाऱ्यांना प्रकार ठाऊक असतो. नेटमध्ये चेंडू मारायचे, रडार किंवा कॅमेरा आकडे देतो, फिटर रॅकवरचे शाफ्ट एकेक करून त्याच हेडला स्क्रूने लावतो, आणि तासाभराने ‘सर, हा बघा, हा तुमच्यासाठीच बनलाय’ असं म्हणतो. यंत्र खोटं बोलत नाही. ट्रॅकमॅन असो की जीसीक्वाड, लाखो रुपयांची यंत्रं आहेत ती, आणि मोजतात ते बरोबरच मोजतात. पण समुद्रसपाटीपासूनची उंची, तापमान, वारा, चेंडूचा प्रकार ही सगळी सेटिंग भरतो तो माणूस. लबाडीची जागा ती.

माझ्या जुन्या ड्रायव्हरची सरासरी अशी होती: क्लब स्पीड ताशी ९३ मैल, बॉल स्पीड (फटक्यानंतर चेंडूचा वेग) १३३, लाँच (चेंडू उडतो तो कोन) १२.६ अंश, स्पिन (मिनिटाला चेंडूच्या गिरक्या) २,७८०, कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) २०३ यार्ड. नव्या हेडची, ३३,५०० च्या शाफ्टसह: क्लब स्पीड ९३, बॉल स्पीड १३३, लाँच १२.९, स्पिन २,७१०, कॅरी २१६.

परत वाचा. बॉल स्पीड तोच. लाँच तोच म्हणायला हरकत नाही, स्पिनही जवळपास तोच. आणि कॅरी १३ यार्ड जास्त! चेंडू नेटमध्येच अडतो, त्यामुळे पुढचं सगळं उड्डाण यंत्र गणिताने काढतं, आणि ते मुख्यतः याच तीन आकड्यांवरून. तिन्ही आकडे जागच्या जागी असताना कॅरी एवढा वाढला, तर क्लब बदललेला नाही, हवा बदलली आहे. स्क्रीनचे फोटो मी काढले होते. कोपऱ्यात बारीक अक्षरात उंची दिसते: जुन्या ड्रायव्हरच्या वेळी ०, नव्याच्या वेळी ५,००० फूट. पुणं साधारण १,८५० फुटांवर आहे. महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आत. म्हणजे जुना ड्रायव्हर जुहूच्या वाळूत आणि नवा महाबळेश्वरच्याही वर! वर हवा विरळ, म्हणून दर हजार फुटांमागे कॅरी ढोबळमानाने सव्वा टक्का वाढतो. हिशेब तुम्हीच करा, बारा यार्ड तिथेच निघतात.

आता म्हणाल, दिसलं कसं नाही? स्क्रीनवर कॅरीचा आकडा हाताच्या पंजाएवढा असतो आणि उंचीचा मुंगीएवढा. शिवाय फिटर सतत बोलत असतो, शाफ्ट बदलायच्या निमित्ताने दोनदा टॅबलेट हातात घेतो, आणि आपण घाम पुसत पाणी पीत असतो. स्पिन म्हणजे काय हे न कळणाऱ्यातला मी नाही. बॉल स्पीड एक मैल वाढला तर साधारण दोन यार्ड मिळतात हेही पाठ आहे. म्हणूनच तो क्षण जास्त सलतो. तेरा यार्डांसाठी सहा-साडेसहा मैल बॉल स्पीड वाढायला हवा होता, आणि रकाना १३३ वर ठाण मांडून बसला होता. समोर. डोळ्यांदेखत.

शाफ्ट बदलून एवढा वेग वाढतच नाही. चांगला जुळलेला शाफ्ट देतो तो मैल-दीड मैल, तोही बहुतेक वेळा चेंडू फेसच्या, म्हणजे हेडच्या मारायच्या बाजूच्या, मध्याजवळ लागायला लागला म्हणून. खरा फायदा फैलाव, म्हणजे चेंडू इकडेतिकडे पांगणं, कमी होण्यात असतो. त्यामुळे ‘सर, नुसत्या शाफ्टने पंधरा यार्ड’ असं कोणी म्हणालं की किटबॅग उचला.

सेटिंगशिवायही हात मारायच्या जागा आहेत. जुना ड्रायव्हर अंग गरम व्हायच्या आधी मारून घेतात आणि नवा अर्ध्या तासाने. जुन्याचे सगळे फटके सरासरीत, नव्याचे मात्र ‘चुकलेले काढून टाकू’. जुन्यासाठी सरावाच्या रेंजचे घासलेले चेंडू, नव्यासाठी कोरे. जुना ९ अंश लॉफ्टचा (फेसचा मागे कल), नवा १०.५ चा, आणि श्रेय शाफ्टला. स्मॅश फॅक्टर (बॉल स्पीड भागिले क्लब स्पीड) १.५३ वगैरे दिसला तर यंत्राचं वाचन चुकलंय, ड्रायव्हरला १.५० च्या आसपास छत लागतं. नीट फिटिंग करणारा एका वेळी एकच गोष्ट बदलतो: आधी हेड आणि लॉफ्ट, मग शाफ्टचं वजन, मग त्याची ताठरता, आणि लांबी सगळ्यात शेवटी. प्रत्येक जोडीला आठ-दहा फटके. फेसवर फूट पावडरचा फवारा, म्हणजे चेंडू कुठे लागतोय ते दिसतं. हेडच्या टाचेकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, लागत असेल तर स्पिनचे आकडे वाचण्यात अर्थ नाही. आणि शेवटी पुन्हा जुना ड्रायव्हर, त्याच सेटिंगवर. हा शेवटचा टप्पा मागितला की माणूस ओळखू येतो. ‘वेळ संपली’ असं उत्तर आलं तर पैसे खिशातच राहू द्या.

आता शाफ्ट. ठरला होता कोरा, ६० ग्रॅम वर्गातला, एस फ्लेक्स (फ्लेक्स म्हणजे ताठरता), बाजारात सुटा मिळतो तो. हातात आला तो त्याच रंगाचा, त्याच नावाचा. इथे बहुतेक लोक फसतात, कारण क्लब कंपन्यांच्या ड्रायव्हरसोबत येणारे स्टॉक शाफ्ट पुष्कळदा महागड्या सुट्या शाफ्टचंच नाव आणि तशीच रंगसंगती घेऊन येतात, पण आतला कार्बनचा थर वेगळा असतो. फुजिकुरा या शाफ्ट कंपनीच्या व्हेंटस नावाच्या सुट्या शाफ्टवर व्हेलोकोअर अशी खूण असते. स्टॉकमध्ये येणाऱ्या अनेक व्हेंटसवर ती नसते. स्टॉकमधला उपटलेला शाफ्ट जुन्या बाजारात सुट्याच्या पाव किमतीतही मिळून जातो. आणि एस, आर ही अक्षरं कुठल्याही प्रमाणाला बांधलेली नाहीत. एका कंपनीचा एस दुसऱ्याच्या आरएवढा मऊ असू शकतो. अक्षर वाचू नका, सीपीएम मागा, म्हणजे दांडा शिकंज्यात धरून हलवला की मिनिटाला किती वेळा थरथरतो तो आकडा. फिटिंगच्या कागदावर २५८ लिहिलं होतं. दुसऱ्या क्लबमेकरकडे मोजला, त्याच ४५ इंचांना, तर २४३, म्हणजे मऊ. एवढ्या फरकाला ‘यंत्रायंत्रात फरक पडतो’ हे उत्तर चालत नाही.

शंका होतीच, म्हणून ग्रिप कापायला सांगितली. आकडी पात्याने वरून खाली चीर दिली, रबर सोललं, खालची टेप काढली, आणि वरून सव्वा इंचावर शाफ्टला सांधा. शाफ्ट तिथेच संपलेला. वरचा तुकडा म्हणजे आत एपॉक्सीने चिकटवलेला प्लॅस्टिकचा एक्स्टेंडर. ड्रायव्हरचा कोरा शाफ्ट साधारण ४६ इंचांचा येतो. ४५ इंचांच्या क्लबसाठी तो कापावा लागतो, जोडावा लागत नाही. जोड लागतो तो आधी दुसऱ्यासाठी कापून झालेल्या शाफ्टला. खाली शाफ्ट अडॅप्टरला मिळतो तिथलं फेरूल, म्हणजे प्लॅस्टिकचं कडं, सरकवलं तर त्याच्या वर जुन्या फेरूलची खरवडलेली कडी. तापवून, पिळून काढला असेल तर टोकाजवळचे कार्बनचे धागे सुटलेले असतात आणि शाफ्ट कधी तुटेल सांगता येत नाही. ग्राफाइटचा शाफ्ट सरळ ओढणाऱ्या पुलरनेच काढायचा असतो, हाताने फिरवून नाही. आणि एक्स्टेंडरचं वजन हातापाशी बसतं, त्यामुळे स्विंगवेटही, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड लागतं तेही, खाली येतं. डी३ स्विंगवेट सांगितलेला क्लब हातात डोकं नसल्यासारखा का वाटत होता, ते तेव्हा कळलं.

स्पाइन अलाइनमेंटचे ३,५०० तर निव्वळ पाण्यात. आजच्या बऱ्या शाफ्टमध्ये गोलाईभर फरक इतका थोडा असतो की हाताला कळत नाही. वर माझ्या हेडचा अडॅप्टर असा की लॉफ्ट बदलायला फिरवला की शाफ्टही त्याच्यासोबत फिरतो. मग ती ‘लावलेली’ दिशा राहिली कुठे?

यानंतर न्याय मागायला निघालो. चौकीत हवालदारांनी विचारलं, ‘हॉकीची काठी का?’ गोल्फची म्हटल्यावर आतल्या साहेबांना हाक मारली, ‘साहेब, नव्वद हजारांची काठी बघा.’ चहा आला, करमणूक झाली, आणि ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्जावर आवक शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीचं आहे हे सांगितलं, तर ‘वस्तू तर मिळाली ना तुम्हाला?’ मिळाली हो, दुसऱ्याची! बँकेत गेलो. ५०,००० आणि ३०,००० यूपीआयने गेले होते, तेही दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यात, ९,२०० रोख. बँकेचं उत्तर, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ हेडच्या कंपनीच्या वितरकाला लिहिलं, तर हेड खरं आहे, जोडणी आमची नाही, विषय संपला. ज्या कोर्सवर या फिटरचा बोर्ड लागलेला, तिथल्या ऑफिसने ‘ते भाड्याने बसतात’ म्हणून हात वर केले. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच, की एवढे पैसे काठीवर घातलेच कशाला? उद्या कोणी दागिन्यात खोट निघाली म्हणून गेला, तर त्याला विचारतील का दागिना कशाला केलास म्हणून? श्रीमंताचा खेळ दिसला की फसवणूकही गंमत होते. मी नोकरी करतो, हे पैसे दोन बोनस साठवून ठेवलेले होते.

राहतो तो जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. ऐकायला छान. पण माझ्या बिलावर काय लिहिलंय? ‘कस्टम ड्रायव्हर, १ नग.’ शाफ्टचं नाव नाही, कोरा की वापरलेला ते नाही, जीएसटी क्रमांक नाही. वकील म्हणाले, कोऱ्या शाफ्टचं वचन दिलं होतं हे सिद्ध कशाने करायचं? नशिबाने व्हॉट्सअॅपवर ‘ब्रँड न्यू पीस सर’ असा मेसेज सापडला. तेवढ्यावर तक्रार उभी आहे. समोरून देऊ केलेली तडजोड: पुढच्या खरेदीवर १२,००० ची सूट. पुढची खरेदी!

तर बिलावर शाफ्टचं पूर्ण नाव, वजन, फ्लेक्स, ‘कोरा’ हा शब्द, टोकाकडून किती कापला, पूर्ण लांबी, स्विंगवेट आणि सीपीएम लिहून घ्या. बिलच न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. कोरा शाफ्ट कापायच्या आधी समोर आणायला सांगा, फूटपट्टी लावा, फोटो काढा. पैसे भरायच्या आधी यंत्रातली कच्ची फाइल मागा, नुसती पीडीएफ नको, आणि उंची, तापमान, चेंडू ही तीन सेटिंग दोन्ही क्लबसाठी एकच आहेत का ते स्वतः बघा.

ज्यांनी गेल्या वर्षभरात पुण्यात असा ड्रायव्हर बनवून घेतलाय, त्यांनी ग्रिप बदलायची वेळ येईपर्यंत थांबू नका. कापताना व्हिडिओ घ्या, एक्स्टेंडर निघाला तर तसाच राहू द्या, कापलेली ग्रिप आणि टेप पिशवीत जपून ठेवा. आणि दुरुस्तीसाठी म्हणून तो क्लब त्याच माणसाच्या हातात परत देऊ नका, पुरावा तोच आहे.