‘लाइव्ह रिसर्च प्रोजेक्ट’चे २४,५०० रुपये

बायोइन्फर्मॅटिक्सचं, म्हणजे जनुकांचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायला शिकवणारं ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’. फी १८,०००, ‘सर्व्हर ॲक्सेस’ ४,५००, सर्टिफिकेट २,०००. सगळे यूपीआयने, पावती फक्त फीची. ‘शेवटच्या तीन सीट’वाला फोन कसा येतो, ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

तो सर्व्हर म्हणजे गॅलेक्सी, असा डेटा तपासायची सार्वजनिक वेबसाइट. ब्राउझरमध्ये उघडतं, खातं फुकट, २५० जीबी जागाही फुकट. साडेचार हजार कशाचे, लॉगिन करून देण्याचे?

आणि ‘आमच्या लॅबचा अप्रकाशित डेटा’! स्लाइडवर नंबर चक्क लिहिलेला होता: जीएसई५२७७८. जीएसईचा नंबर म्हणजे जीओ या सार्वजनिक साठ्यातला डेटा. तिथेच उठून जायला हवं होतं. श्वासनलिकेच्या स्नायूपेशींच्या चार सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या, असे त्यातले आठ नमुने. बायोकंडक्टर या मोफत सॉफ्टवेअर-संग्रहात त्यांचं ‘एअरवे’ नावाचं पॅकेजच आहे, मोफत पाठांत हाच डेटा वापरतात. पण ज्याने जीओ कधी उघडलेलं नाही, त्याला हे कळावं कसं? कळत असतं तर क्लास कशाला लावला असता?

शिकवणंही दिव्य. पहिल्या गुणसूत्राचं नाव जीनोमच्या फाइलमध्ये ‘सीएचआर१’, तर जीन्स कुठे आहेत ते सांगणाऱ्या जीटीएफ फाइलमध्ये नुसतं ‘१’. नावं जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक जीनचे रीड (वाचलेले तुकडे) मोजणाऱ्या एचटीसेक-काउंटमध्ये सगळ्या जीन्सना शून्य. विचारलं तर म्हणे, ‘डेटा खराब आहे.’

सर्टिफिकेटवर एमएसएमईचा शिक्का. ही उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, धंद्याची असते, अभ्यासक्रमाला मान्यता नव्हे!

तक्रार केल्यावर पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, ‘सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कुठली? दिवाणी मामला आहे.’ सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँकेला पोलिसांचं पत्र हवं, पोलिसांना बँकेचं. एका साहेबांनी तर विचारलं, ‘म्हणजे कॉम्प्युटर क्लास का?’ अर्जाची साधी पोचसुद्धा मागून मागून घ्यावी लागली. उरतो ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. पण पुरावा लागतो, तेव्हा प्रत्येक रकमेची पावती घ्याच.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा रोझालिंड या वेबसाइटवर गणितं सोडवत फुकट शिका. गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्क आणि ईएमबीएल-ईबीआय या युरोपीय संस्थेचे धडेही फुकट आहेत. तरीही क्लास हवाच असेल, तर आधी प्रोजेक्टच्या डेटाचा ॲक्सेशन नंबर (वरच्या जीएसईसारखा साठ्यातला क्रमांक) मागा आणि स्वतः शोधा. शिवाय शिकवणाऱ्याला विचारा: आरएनए-सेकच्या (पेशीतला आरएनए वाचून मिळालेल्या डेटाच्या) फास्टक्यूसी या दर्जा-तपासणीच्या अहवालात रीडच्या पहिल्या दहा-बारा बेसमध्ये (अक्षरांत) रेषा वेड्यावाकड्या का दिसतात? रँडम हेक्सामर प्रायमिंगमुळे, म्हणजे आरएनएची प्रत काढायला वापरलेल्या सहा अक्षरी तुकड्यांमुळे. ‘ट्रिम करून टाका’ (ती अक्षरं कापून टाका) एवढंच उत्तर आलं, तर एक रुपयाही देऊ नका.