पुढे निळा पोर्ट, आत साधी तार: कार्ड रीडरच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणं हा माझा धंदा. हंगाम सुरू व्हायच्या आधी एडिटिंगसाठी नवा पीसी असेंबल करून घेतला. दुकान कोल्हापुरातलंच, नाव लिहीत नाही. एक गोष्ट मी ठासून सांगितली होती: कॅबिनेटमध्ये आतून जोडलेला यूएसबी ३.० कार्ड रीडर पाहिजे. म्हणजे कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घालून फाइली पीसीवर उतरवायची खाच, आणि तीही जुन्या २.० पेक्षा कितीतरी वेगवान अशा ३.० ची. रात्री कार्यालयातून आल्यावर कार्डं रिकामी झाली नाहीत तर सकाळी शूटिंगला काय घेऊन जायचं? मालकानं कोटेशनच्या चिठ्ठीवर '३.० रीडर, १,४०० रुपये' असं लिहिलं.

रीडरच्या तोंडाला निळा पोर्ट होता, आणि निळा म्हणजे ३.० असं समजून मी निर्धास्त. पण ६४ जीबीचं भरलेलं एक कार्ड उतरायला पाऊण तास लागायचा. एका हळदीच्या रात्री चार कार्डं होती, पहाटे तीनपर्यंत खुर्चीत बसून काढली आणि सातला अक्षतांसाठी कॅमेरा घेऊन हजर. दुकानात फोन केला तर म्हणाले, "साहेब, कार्डं जुनी झाल्यात तुमची, स्पीडवाली घ्या." मी विश्वास ठेवला. त्यांच्याकडूनच दोन महागडी कार्डं घेतली. वेग तसूभरही वाढला नाही. मग उत्तर आलं, "मदरबोर्डच बदलायला लागंल."

कॅबिनेटच्या स्क्रूवर 'काढल्यास वॉरंटी रद्द' असा स्टिकर होता. त्या भीतीनं चार महिने मी आत बघितलंच नाही. शेवटी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं उघडलं. "मामा, ही तार बघा." लाल, पांढरी, हिरवी, काळी अशा बारीक तारा रीडरमधून निघून मदरबोर्डवरच्या ९ पिनांच्या हेडरवर, म्हणजे तार खोचायच्या पिनांच्या जागेवर, गेलेल्या. ते यूएसबी २.० चं हेडर. दहा पिनांची जागा, त्यातली एक मुद्दाम रिकामी, म्हणजे प्लग उलटा बसू नये. शेजारी ३.० चं १९ पिनांचं हेडर तसंच मोकळं पडलेलं. मदरबोर्ड निर्दोष होता, कार्डंही निर्दोष होती. २.० वर कितीही भारी कार्ड लावा, सेकंदाला साधारण ३५-४० एमबीच्या वर जात नाही. माझं तर २२ वरच अडकलेलं.

चिठ्ठी दाखवायला गेलो, तेव्हा ध्यानात आलं की बिल देताना त्यांनी ती परत घेतली होती. पक्क्या बिलावर नुसतं 'कार्ड रीडर'. "चालतोय न्हवं? मग फसवलं कुठं?" आणि स्टिकर फाटलाय म्हणून वॉरंटीही गेली, असं वर ऐकून घेतलं.

दुसरीकडून खरा ३.० रीडर आणला. त्याची तार गोल, जाड, आणि टोकाला रुंद प्लग. वीज बंद करून, वायर सॉकेटमधून काढून, खाच जुळवून भाच्यानं तो हळूच दाबला. या १९ पिना जोर केला की लगेच वाकतात. तेच जुनं कार्ड आता बारा मिनिटांत उतरतं. म्हणजे नव्या कार्डांचे पैसे निव्वळ वाया.

पीसी करून घेणाऱ्यांनो, स्टिकर लावायच्या आधी, पैसे द्यायच्या आधी, कॅबिनेट दुकानातच उघडून घ्या. रीडरची तार बोटानं धरून ती कुठल्या हेडरला जाते ते बघा. पोर्टच्या निळ्या रंगावर जाऊ नका, प्लास्टिक कुठल्याही रंगाचं मिळतं. आपलं वेगवान कार्ड सोबत न्या आणि एक मोठी व्हिडिओ फाइल तिथंच कॉपी करून वेग वाचा. आणि '३.०' हा आकडा पक्क्या बिलावर लिहून घ्या, मॉडेल नंबरासकट.

माझ्याकडे ते नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा एक मेसेज सापडला: "३.० बसवलाय साहेब, संध्याकाळी घेऊन जावा." कॅबिनेटच्या आतल्या तारांचे फोटो आणि तो मेसेज जवळ ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर मी तक्रार नोंदवली आहे.