माईकच्या लाईनी जॅकच्या पॅचबेवरून काढून एक्सएलआर पॅनलवर घेतल्या, पावसाळा ते उन्हाळा वापरून झाला

माईकचा पॅचबे का बदलला आन कसा चालतोय असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तरच लिहायलोय. लातूरला छोटा स्टुडिओ आहे आपला, हॉलमधी १२ माईक लाईनी आन व्होकल बूथमधी ४, सगळ्या कंट्रोल रूमच्या रॅकला येतात. कामं म्हणाल तर भजनी मंडळं, आराध्यांची गाणी, भीमगीतं, पोवाडे, मधूनच यूट्यूबवाली पोरं. स्टुडिओ घेतला तेव्हा ह्या सोळाही लाईनी पाव इंची जॅकच्या पॅचबेवरच होत्या (पॅचबे म्हणजे रॅकमधली भोकांची पाटी, छोट्या वायरी लावून कुठली लाईन कुठं न्यायची ते तिथं ठरतं), वरच्या रांगांत कंप्रेसर आन कीबोर्ड, खालच्या रांगेत माईक, भोकं सगळी सारखीच दिसायची. आता माईकचं तेवढं वेगळं काढून एक्सएलआर (माईकच्या वायरीचं तीन पिनांचं गोल टोक) पॅनलवर घेतलंय, लाईन लेव्हलचं, म्हणजे कीबोर्ड-कंप्रेसरसारखं मोठ्या सिग्नलचं, सगळं जॅकवर तसंच ठेवलंय.

का बदललं ते आधी, कारण "चालतंय की, कशाला खर्च" असं मलाही लई जण म्हणाले. चालतं हे खरं आहे. साधा डायनॅमिक माईक असला तर जॅकच्या पॅचबेला काही होत नाही. भानगड सुरू होते फँटम चालू असताना, म्हणजे कंडेन्सर माईकला लागणारी ४८ व्होल्टची वीज प्रीअँप (माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा) त्याच वायरीतून पाठवतो तेव्हा. ४८ व्होल्ट प्रीअँपमधून ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून पिन २ आन पिन ३ ह्या आवाजाच्या पिनांवर (पिन १ ग्राउंडची) सारखेच येतात, म्हणून दोन्ही पिनांच्या मधी फरक शून्य आन रिबन माईकला (आत धातूची लई पातळ पट्टी असलेल्या) सुद्धा काही कळत नाही. पण जॅक आत घुसताना काय होतं बघा, टोक आधी तोंडाजवळच्या ग्राउंडच्या रिंगणातून जातं, मग मधल्या पत्तीला लागतं, मग शेवटच्या जागी बसतं. टोक मधल्या पत्तीवर असतं तेव्हा जॅकची मधली रिंग ग्राउंडला टेकलेली असते, म्हणजे एका वायरीवर ४८ व्होल्ट आन दुसरी थेट ग्राउंडला. क्षणभरच, पण तेवढ्या वेळात ७ मिलिअँपिअरपर्यंत करंट माईकच्या ट्रान्सफॉर्मरमधून जातो, आन तो ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनं कित्येक पट मोठा करंट करून रिबनला देतो. रॉयर आर-१२१ ह्या माईकची रिबन २.५ मायक्रॉन जाडीची आहे. ती ताणली गेली की आवाज मेला, आन आपल्याकडं ती बदलून देणारा कुठं सापडणार.

प्रीअँपलाही हाच त्रास. त्याच्या इनपुटचे कपॅसिटर ४८ व्होल्टला भरून बसलेले असतात, लाईन ग्राउंडला टेकली की सगळे एकदम आतल्या ट्रान्झिस्टरवर रिकामे होतात. चांगल्या प्रीअँपमधी त्यासाठी डायोड आन रेझिस्टर दिलेले असतात, स्वस्तातल्यात असतीलच असं नाही. आन सगळ्यात वाईट म्हणजे कुणी मोनो जॅक माईकच्या भोकात घातला तर, मग ते क्षणभराचं राहतच नाही, जॅक काढेपर्यंत एक वायर ग्राउंडलाच.

एक्सएलआरमधी हे होत नाही. तिन्ही पिना आपापल्या जागीच जातात, घुसताना एकमेकीला शिवत नाहीत. शिवाय फँटम प्रीअँपकडच्या फीमेल (भोकांच्या) सॉकेटमधून येतं, म्हणजे ४८ व्होल्ट उघड्या पिनेवर कधीच नसतात. पण माझ्या मते खरा फायदा लई साधा आहे. कीबोर्डवाला पोरगा गडबडीत वायर घेऊन रॅककडं आला तर आधी मला पळत जावं लागायचं, आता तोच म्हणतो, "दादा, हे हितं बसंना ओ." बसणारच नाही, जॅक आहे तो!

पॅनल तयार घेतलं नाही. एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडून २ मिलिमीटर अॅल्युमिनियमचे दोन पत्रे कापून घेतले, प्रत्येकाला १६ भोकं, २४ मिलिमीटरची. वरच्या पत्र्यावर भिंतीकडून येणाऱ्या लाईनी, मेल (पिनांचे) सॉकेट, खालच्यावर प्रीअँपकडं जाणाऱ्या, फीमेल. सोल्डरिंग करताना एकच गोष्ट जपली, पिन १ प्रत्येक लाईनीची वेगळी नेली, पत्र्याला कुठंच जोडू दिली नाही आन एकमेकीतही नाही. जुन्या पॅचबेमधी सगळे ग्राउंड आतून एकत्र होते आन हॉलमधला हार्मोनियमचा माईक लावला की बारीक घरघर यायची. ती आता नाही. अर्थात ह्याचं सगळं श्रेय पॅनलला देता येत नाही, त्याच महिन्यात अर्थिंगचा खड्डाही नवा केला होता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग ढिलं पडतं, त्यात पाणी घालावंच लागतं, आन २०१६ ला रेल्वेनं पाणी पिलेल्या गावात अर्थिंगला पाणी घाला म्हणलं की घरचे कसं बघतात ते विचारू नका.

जुन्या पॅचबेवर माईकमधी खरखर यायची, ती कमी झाली हे मात्र पक्कं पॅनलमुळंच. एसएम५८ ह्या गायच्या माईकसमोर नेहमीच्या आवाजात गायलं तर त्यातून एक-दोन मिलिव्होल्ट निघतात, लाईन लेव्हल १.२३ व्होल्टची, म्हणजे शेकडो पटीचा फरक. जॅकच्या पत्तीवर जरा काट चढली तर लाईन लेव्हलला कळतही नाही, पण माईकला पुढं ५०-६० डीबी गेन द्यायचा असतो, म्हणजे सिग्नल शेकडो पट वाढवायचा असतो, काटही तेवढीच मोठी होऊन ऐकू येते. त्यातून फँटम जात असलं तर फडफड वेगळीच.

आता त्रास सांगतो. एक्सएलआर पॅनलला नॉर्मल, म्हणजे वायर न लावता आतूनच असलेली जोडणी, नसतं. जॅकच्या पॅचबेमधी फुल नॉर्मल केलं की काही न लावता हॉल १ थेट प्रीअँप १ ला जातो, इथं प्रत्येक लाईनीला हातभर वायर लावावीच लागते. समोर सोळा वायरी लोंबत असतात, दिसायला भजनी मंडळाच्या बॅगेसारखं, कुठला टाळ कुणाचा कळत नाही. रंगीत रिंगा घातल्यावर जरा सुसह्य झालं. जागाही दुप्पट गेली. दर कामाला सेटअप तोच राहत असंल तर हे सगळं नकोच, माईकच्या लाईनी थेट प्रीअँपला जोडा आन विसरा.

ज्यांना जॅकवरच ठेवायचंय त्यांनी निदान हाफ नॉर्मल ठेवू नका. फुल नॉर्मलमधी जॅक घातला की आतली जोडणी तुटते, हाफमधी वरच्या भोकात जॅक घातला तरी खालची लाईन तुटत नाही, माईक एकाच वेळी दोन प्रीअँपला लागतो, लोड वाढतो, आवाज बदलतो आन फँटम दोन्हीकडून. फुल नॉर्मल किंवा सरळ नॉर्मल काढून टाकणं, दोनच पर्याय.

आन पॅनल कुठलंही असू द्या, आमच्याकडं क्रम ठरलेला आहे, स्पीकर बंद, गेन खाली, फँटम बंद, अर्धा मिनिट थांबायचं, मग वायर हलवायची. ते अर्धं मिनिट कपॅसिटर रिकामे व्हायला. सुरुवातीला सहाय्यक पोरगं कंटाळायचं, आता गायकाला पाणी विचारतं तेवढ्यात. आमच्या एका प्रीअँपला आठ चॅनलला मिळून फँटमचं एकच बटण आहे, त्यामुळं रिबन माईक त्याच्यावर लावायचाच नाही, त्याला दुसरा बॉक्स ठरवून ठेवलाय. सनई किंवा तुतारीवर रिबन लावला की आवाजातली धार छान मरते, म्हणून सोडवत नाही. संबळ-हलगीला मात्र डायनॅमिकच, तिथं हा प्रश्नच येत नाही.

धूळ ही आपल्याकडची खास अडचण. चैत्र-वैशाखात वारं सुटलं की बंद खोलीतही येते, म्हणून न वापरलेल्या फीमेल सॉकेटला रबरी टोप्या घातल्यात. घातलेल्या सगळ्या आजही स्वच्छ आहेत, एक टोपी हरवली त्या सॉकेटचं लॉक जरा करकरायलंय.

खर्च पत्र्याचा नाही, सॉकेटांचा आहे. बत्तीस सॉकेट आन वायरीच्या पिना मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, कारण जवळच्या एका दुकानात न्यूट्रिक कंपनीच्या नावाखाली डुप्लिकेट निघाले. डुप्लिकेट ओळखायचं असलं तर सोल्डरचा टाका लावून बघा, आतलं प्लास्टिक मऊ पडून पिन वाकडी होते. घेताना दोन जास्तीच घ्या.