आयएसडी वाचवायला फॅक्स इंटरनेटवर घेतला, काही महिन्यांच्या वापरानंतर

तुर्भ्याला आमचं क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं ऑफिस आहे, काम सगळं न्हावा शेवाचं. जपानचे एजंट अजूनही सही-शिक्क्याचा कागद फॅक्सवरच मागतात, मेल नको म्हणतात, त्यामुळे दर महिन्याला आयएसडीचं बिल बघून जीव जायचा. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर एटीए अडॅप्टर घेतला, एका बाजूला फॅक्स मशीनची वायर, दुसऱ्या बाजूला राउटर, फॅक्स नेटवरून तिकडच्या गेटवेपर्यंत (नेटवरचा कॉल फोनलाईनवर घालणारं यंत्र) जातो आणि पुढे लोकल कॉल. बिल निम्म्याच्याही खाली आलं, त्यात काही वादच नाही.

पण हे धड चालायला बरंच झगडावं लागलं. सर्व्हिसवाल्याने लाईन जी.729 वर ठेवली होती, तो कोडेक (आवाजाचा डेटा करायची पद्धत) आवाज 8 केबीपीएसपर्यंत दाबतो, बोलणं नीट कळतं पण फॅक्सचे सूर त्यात टिकत नाहीत, दोन्ही मशीनचं जमतच नव्हतं. मग जी.711 लावून घेतला, 64 केबीपीएसचा, तर एकदोन पानं जायची आणि पॅकिंग लिस्टचा गठ्ठा लावला की मधेच कट, कारण नेटवर डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो, त्यातलं एखादं पॅकेट हरवलं तर बोलताना कानाला कळत पण नाही, फॅक्सचं मात्र तेवढ्यात बिनसतं. शेवटी मागे लागून टी.38 चालू करून घेतलं तेव्हा कुठे सुटलो. हे आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 1998 चं फॅक्ससाठीचं स्टँडर्ड आहे, यात अडॅप्टर सूर तसेच्या तसे न पाठवता त्यातला डेटा काढून पॅकेटमध्ये भरतो, आधीच्या पॅकेटचा माल पुढच्यात परत जोडतो, आणि पलीकडचा गेटवे त्याचे पुन्हा सूर करून मशीनला देतो. एवढं सगळं होऊन पोचपावतीवर ओके छापून आलं की खरंच बरं वाटतं!

मशीनमधलं सुपर जी3 (जास्त स्पीडचा फॅक्स मोड) बंद करा, जुनं टी.38 14400 बीपीएसच्या वर जात नाही. ईसीएम (पानाचा चुकलेला भाग परत मागवून घेणारी सोय) पण बंद करा असं बरेच जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. ते बंद केलं की पान जातं, ओके पण येतं, पण मधे एखादी ओळ फाटलेली असते, आणि कंटेनर नंबर म्हणजे 4 अक्षरं 7 आकडे, त्यातला 3 तिकडे 8 वाचला तर निस्तरणार कोण? त्यापेक्षा ईसीएम चालू ठेवून स्पीड 9600 वर आणा, पानाला वेळ लागतो, लागू दे.

लाईट जाते तेव्हा नुसतं मशीन यूपीएसवर असून भागत नाही, राउटर आणि अडॅप्टरही त्याच्यावरच हवेत.

घेताना लायसन्सवाल्या ऑपरेटरकडूनच घ्या, फार स्वस्त रेट सांगणाऱ्यापासून लांब राहा, आणि टी.38 शेवटच्या गेटवेपर्यंत आहे का हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा, कारण मधे एका टप्प्यावर जरी ते नसलं तरी फॅक्स परत जी.711 वर येतो. जुनी लँडलाईन आम्ही अजून सोडलेली नाही, येणारे फॅक्स तिच्यावरच घेतो, त्याचे पैसे पाठवणाऱ्यालाच पडतात.